गाडी विकताना: पैसे आधी, किल्ली मग

जुनी गाडी डीलरच्या दारात न नेता परस्पर विकली तर चार पैसे जास्त सुटतात. पण डीलर मधून गेला की त्याचं एक काम आपल्या गळ्यात येतं: पैसे मोजून घ्यायचे, ते खरोखर आले का ते बघायचं आणि कोणाच्या खिशातून आले तेही विचारायचं. मंडळी टायर, क्लच आणि सर्व्हिस रेकॉर्डवर तासभर घासाघीस करतात, आणि पैशांचं निघालं की "ते काय हो, ऑनलाइन टाकतो लगेच" एवढ्यावर विषय मिटतो. विकणाऱ्याला गंडवणारे या 'लगेच'चीच वाट बघत असतात. खालची यादी विकणाऱ्याच्या बाजूची आहे. गाडी चार-सहा लाखांची, घेणारा अनोळखी आणि व्यवहार महाराष्ट्रातला, असं धरलं आहे.

सौदा ठरताना

करा:

• किंमत ठरली त्याच बैठकीत पैसे कोणत्या मार्गाने, कोणाच्या खात्यातून आणि कोणत्या दिवशी येणार हेही ठरवा. मग ते व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून पाठवा आणि समोरच्याचं 'हो' घ्या. ज्याच्या मनात काळंबेरं असतं तो बहुतेक वेळा इथेच गळतो.

• इसार घ्या. हल्ली त्याला टोकन म्हणतात. पाच-दहा हजार पुरेत. पावतीत गाडीचा नंबर, ठरलेली पूर्ण किंमत, इसाराची रक्कम, बाकी देण्याची तारीख, आणि ती तारीख हुकली तर इसाराचं काय करायचं, एवढं हवं. रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही करा.

• घेणाऱ्याचं पॅन आणि आधार मूळ प्रतीत बघा, मग झेरॉक्स घ्या. पॅनवरचं नाव आणि पैसे येणार त्या खात्यावरचं नाव एकच आहे ना, हा पहिला प्रश्न. त्याचं महत्त्व पुढे येईल.

टाळा:

• इसारावर गाडी देऊ नका. "दोन दिवस आमच्या मेकॅनिकला दाखवून आणतो" असं म्हणणाऱ्याला सांगा, मेकॅनिकला इकडे घेऊन या, नाहीतर मी गाडी घेऊन तिकडे येतो.

• फोनवरच्या पहिल्याच बोलण्यात आरसी, आधार, पॅनचे स्वच्छ फोटो पाठवू नका. ते तुमच्याविरुद्ध वापरले जातीलच असं नाही. पण पुढच्या गिऱ्हाइकाला 'हा बघा मी खरा मालक' म्हणून दाखवायला ते कामी येतात, आणि तो फसलेला माणूस पोलिसांत तुमचं नाव सांगतो. आरसी दाखवायची तर गाडीजवळ उभं राहून दाखवा.

यूपीआय: इसारापुरतं ठीक

बहुतेक खात्यांना एका माणसाकडून दुसऱ्याला पाठवायची यूपीआय मर्यादा दिवसाला १ लाख रुपये आहे. त्यामुळे गाडीची पूर्ण रक्कम यूपीआयने देतो म्हणणारा एक तर तुकडे करणार, नाहीतर वेगवेगळ्या लोकांच्या फोनवरून पाठवणार. दोन्ही नकोत.

करा:

• पैसे आले का हे आपल्याच बँकेच्या ॲपमध्ये, आपल्या हाताने शिल्लक उघडून बघा. त्याच्या फोनवरची हिरवी खूण, 'टिंग' असा आवाज, व्यवहार क्रमांक, तुमचं बरोबर लिहिलेलं नाव, हे सगळं दाखवणारी बनावट ॲप मिळतात. हुबेहूब असतात. त्याच्या फोनकडे बघायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

• मेसेज आला तर कोणाकडून आला ते बघा. बँकेचा मेसेज अक्षरी नावाने येतो. दहा आकडी मोबाईल नंबरवरून '५०,००० जमा' असं आलं तर ते कोणीतरी बोटाने टाईप केलेलं आहे.

टाळा:

• पैसे घेण्यासाठी पिन टाकू नका आणि कोड स्कॅन करू नका. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे जाताना किंवा शिल्लक बघताना लागतो. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, कधीच नाही. पूर्वी 'रिक्वेस्ट स्वीकारा म्हणजे पैसे जमा होतील' हा सापळा फार चालायचा. एका माणसाने दुसऱ्याकडे पैसे मागण्याची ती सोय राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर कोडचा सापळा मात्र राहिला आहे.

• "मी फौजेत आहे, पोस्टिंग लांब आहे, गाडी न बघताच घेतो" असा फोन आला की बोलणं तिथेच थांबवा. ओळखपत्राचा फोटो येतो, कॅन्टीन कार्डाचा येतो, गणवेशातला फोटोही येतो. मग 'आमच्या युनिटच्या अकाउंटवरून पेमेंट येईल, हा कोड स्कॅन करा' असं सुरू होतं. वर्षानुवर्षं हीच गोष्ट चालली आहे आणि अजून खपते, कारण सैनिकाला नाही म्हणणं आपल्या जिवावर येतं. सुट्टीवर आलेला खरा जवान गाडी बघायला स्वतः येतो आणि तोही चार ठिकाणी टिचक्या मारून बघतो.

• 'चुकून जास्त गेले, वरचे परत पाठवा' हे ऐकून घाईने पैसे परत करू नका. आधी खातं उघडून बघा. आलेलेच नसतील तर हसून सोडून द्या. खरोखर आले असतील तर बँकेला लेखी कळवा आणि आले त्याच खात्यात बँकेमार्फत परत करा. तो सांगेल त्या नव्या नंबरवर तर मुळीच नाही.

• मदत करतो म्हणून फोनवर स्क्रीन दाखवणारं ॲप कोणी टाकायला लावलं तर टाकू नका.

आरटीजीएस, एनईएफटी: खरा रस्ता हाच

मोठ्या रकमेला याहून सरळ मार्ग नाही. आरटीजीएस २ लाख किंवा त्याहून जास्त रकमेसाठी. १४ डिसेंबर २०२० पासून ते चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं आणि एकदा पूर्ण झालेला व्यवहार पाठवणाऱ्याला मागे घेता येत नाही. एनईएफटीला खालची मर्यादा नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून तेही चोवीस तास आहे, पण दर अर्ध्या तासाच्या फेरीने जातं. आयएमपीएस ५ लाखांपर्यंत, लगेच. म्हणजे 'आज रविवार आहे, बँक बंद आहे, तुम्ही गाडी द्या, उद्या सकाळी टाकतो' या वाक्यात आता काही दम नाही. दम असलेलं कारण एकच उरतं, ते पुढे.

करा:

• व्यवहाराच्या आदल्या दिवशीच घेणाऱ्याला तुमचं खातं त्याच्या बँकेत जोडायला सांगा. नव्याने जोडलेल्या खात्यावर बहुतेक बँका पहिल्या चोवीस तासांत मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. ऐनवेळी "लिमिट येतंय हो" म्हणणारा खोटं बोलतोच असं नाही, पण त्या अडचणीचा भार तुमच्या गाडीवर का पडावा? एक दिवस आधी सांगितलं की ही सबबही जाते.

• आधी एक रुपया मागवा. तो आला की पाठवणाऱ्याचं नाव तुमच्या खातेउताऱ्यात दिसतं. पॅनशी ताडून बघा. त्यालाही बरं. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवताना ज्याचं खातं त्याचं नाव दाखवण्याची सोय बँकांना द्यावी लागते, तरी एक रुपया जाऊन आला की दोघांनाही झोप लागते.

• शक्यतो कमी शिल्लक असलेलं, पगाराशी न जोडलेलं खातं द्या. का, ते पुढच्या भागात. नवं उघडायची गरज नाही. घरात असतंच एखादं.

टाळा:

• यूटीआर नंबर म्हणजे पैसे नव्हेत. तो पाठवल्याची खूण आहे, पोचल्याची नाही. खाते क्रमांकाचा एक आकडा चुकला तरी यूटीआर मिळतो आणि रक्कम परत फिरते. शिवाय पुढच्या तारखेला लावलेल्या व्यवहाराचाही झकास स्क्रीनशॉट काढता येतो, आणि काढल्यावर तो व्यवहार रद्दही करता येतो.

• 'सर्व्हर डाऊन आहे, तोवर फॉर्मवर सह्या करून घेऊ' याला हो म्हणू नका. सर्व्हर डाऊन असेल तर चहा घेऊ. सह्या नंतर.

पैसे दुसऱ्याच्याच खात्यातून येत असतील तर

या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त जागा देतो. बनावट स्क्रीनशॉटला फसणारा माणूस त्याच संध्याकाळी शहाणा होतो. इथे फसलेल्याला पंधरा दिवस-महिना कळतही नाही.

होतं असं. नागपूरच्या एखाद्या निवृत्त गृहस्थांना 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून सहा लाख लुबाडले. ते पैसे भाड्याने घेतलेल्या कुणाच्या तरी खात्यात आले, तिथून आणखी दोन खात्यांत फुटले. ठगाला आता त्याची वस्तू करायची आहे. गाडी ही फार सोयीची वस्तू. तो तुमच्याकडे येतो, फार घासाघीस करत नाही, आणि पैसे तुमच्या खात्यात खरोखर टाकतो. आरटीजीएस होतं, शिल्लक दिसते, तुम्ही किल्ली देता. तिकडे गृहस्थ १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतात. पोलीस पैशाचा माग काढत खात्यामागून खातं करत तुमच्यापर्यंत येतात आणि तुमच्या बँकेला ती रक्कम रोखायला सांगतात. कधी तेवढीच रक्कम अडते, कधी सगळं खातं गोठतं. मग परगावच्या, बऱ्याचदा परराज्यातल्या पोलीस ठाण्याला ईमेल, बँकेच्या खेपा, वकील. तुम्ही निर्दोष असता, पण ते कागदाने दाखवावं लागतं.

करा:

• पैसे घेणाऱ्याच्याच नावाच्या खात्यातून घ्या. गाडी ज्याच्या नावावर होणार, त्याच्याच.

• बायको, वडील किंवा स्वतःच्या दुकानाच्या खात्यातून येत असतील तर ते चालू शकतं. पण ज्याचं खातं त्याच्या पॅनची प्रत आणि त्याच्या सहीचं पत्र घ्या: अमुक नंबरच्या गाडीपोटी, अमुक नात्याने, एवढी रक्कम मी माझ्या खात्यातून देत आहे. सही त्याने समोर करावी.

• विक्री करार लेखी करा. त्यात रक्कम, यूटीआर आणि पाठवणाऱ्या खात्याचं नाव घाला. महाराष्ट्रात १०० रुपयांच्या स्टॅम्पचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्ये संपले, आता ५०० चा घ्यावा लागतो. पाच लाखांच्या गाडीला हे पाचशे जड नाहीत. खातं अडकलं तर तपास अधिकाऱ्यापुढे ठेवायला हा करार, ताबा पावती आणि गप्पांचे स्क्रीनशॉट हेच तुमचं बळ.

टाळा:

• पाच नावांच्या पाच खात्यांतून आलेले चाळीस-पन्नास हजारांचे तुकडे. 'मित्रांकडून गोळा केले' हे ऐकायला गोड वाटतं. मित्रांनी त्याला द्यावेत, त्याने तुम्हाला.

• बाजारभावापेक्षा जास्त देणारा. जुन्या गाडीला मागितल्यापेक्षा जास्त कोणी देत नाही. देत असेल तर त्याला गाडी नकोय, तुमचं खातं हवंय.

मधला माणूस

हा दुसरा मोठा सापळा. यात विकणारा आणि घेणारा दोघेही सज्जन असतात, म्हणून जास्त वाईट.

तुम्ही जाहिरात दिली, साडेपाच लाख. एकाचा फोन येतो: "साहेब, किंमत मान्य. माझा मामेभाऊ येईल गाडी बघायला. त्याला माझे काही पैसे देणं आहे, त्यापोटी गाडी देतोय. त्याच्यासमोर पैशाचा विषय काढू नका, घरातलं आहे." तिकडे त्याने तुमचेच फोटो लावून तीच गाडी साडेतीन लाखांत काढली आहे. त्या गिऱ्हाइकाला सांगितलंय: "गाडी माझ्या साडूकडे उभी आहे. जाऊन बघा, पण किमतीचं माझ्याशीच बोला." 'मामेभाऊ' येतो, गाडी बघतो, खूश होतो. तुम्ही दोघं तासभर मायलेजवर बोलता आणि पैशांचा शब्द काढत नाही. तो खालूनच फोन करून साडेतीन लाख त्या तिसऱ्याला पाठवतो. मग वर येऊन किल्ली मागतो. तुम्ही म्हणता पैसे कुठे, तो म्हणतो आत्ता दिले की. तिसऱ्याचा फोन बंद. सोसायटीच्या गेटवर दोन सज्जन माणसं एकमेकांची गचांडी धरतात.

करा:

• जो माणूस गाडीसमोर उभा आहे त्याला तोंडावर विचारा: तुम्ही किती देताय, कोणाला देताय, फोनवरचा तुमचा कोण? तीस सेकंदांत सगळा डाव उघडा पडतो.

• पैसे फक्त आरसीवरच्या नावाच्या खात्यात येणार, हे जाहिरातीतच लिहा.

टाळा:

• 'किमतीचं त्याच्याशी बोलू नका' ही अट. कोणत्याही कारणाने घातलेली असो. भाऊबंदकीत सुद्धा गाडीची किंमत चुलत्यापासून लपत नाही.

रोख

करा:

• रोख मिळून २ लाखांच्या आत ठेवा. आत म्हणजे आतच. पूर्ण २ लाख घेतले तरी नियम मोडतो. १ एप्रिल २०१७ पासून आयकर कायद्यात ही बंदी आहे आणि दंड पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, जेवढी रोकड घेतली तेवढाच. 'आज दीड, परवा दीड' हा उपाय चालत नाही, कारण सौदा एकच आहे.

• नोटा तुमच्या बँकेच्या काउंटरवर घ्या. घेणाऱ्यालाही सोबत न्या. कॅशियरने मशीनवर मोजून, तपासून खात्यात भरल्या की मगच पुढचं. ५०,००० च्या वर भरणा असेल तर पॅन लागतं. एकदम मोठी रोकड असेल तर आधी शाखेत सांगून ठेवा, म्हणजे लंच टाइमला उभं राहावं लागणार नाही.

टाळा:

• रात्री घरी मोजणं. बंडलात एक खोटी नोट निघाली तर बँक ती शिक्का मारून जप्त करते, पोच देते, भरपाई देत नाही. एका भरण्यात पाच किंवा जास्त निघाल्या तर बँकेला पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो, आणि काउंटरवर नाव तुमचं असतं.

• २,००० च्या नोटा. त्या अजून चलनातून रद्द झालेल्या नाहीत, हे तो बरोबरच सांगेल. पण ७ ऑक्टोबर २०२३ नंतर बँका त्या घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच जमा होतात. ती खेप त्याने करावी.

• 'करारात किंमत कमी दाखवू, बाकी वरून देतो'. खात्यात चार लाख आणि कागदावर दीड लाख, ही विसंगती उद्या समजावून सांगायची पाळी तुमच्यावर येईल. आणि कशासाठी? स्वतःच्या वापराची, धंद्यात घसारा न दाखवलेली गाडी विकली तर तिच्यावर भांडवली नफ्याचा कर नाहीच.

चेक आणि डीडी

• चेक घ्यायचाच तर घ्या, पण गाडी तो वटल्यावर. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटवण्याची पद्धत आल्यामुळे थांबायला लागतं तेही आता फार नाही.

• पुढच्या तारखेचा चेक नाही म्हणजे नाही. न वटलेल्या चेकबद्दल कलम १३८ आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचा रस्ता कसा आहे हे माहीत नसतं: चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्याला पैसे द्यायला १५ दिवस, न दिले तर पुढच्या महिनाभरात फिर्याद, आणि मग तारखा. तोवर गाडी त्याच्याकडे, आणि बहुतेक वेळा त्याच्याकडेही नाही.

• डीडीला लोक रोख समजतात. डीडी छापताही येतो. आणि बनावट डीडी घेऊन येणारा वार बघून येतो: महिन्याचा दुसरा किंवा चौथा शनिवार, दुपार. बँका बंद, विचारणार कोणाला? त्याला सोमवारी सकाळी बोलवा. सगळ्यात चांगलं म्हणजे त्याच्या शाखेत सोबत जा आणि डीडी काउंटरवरून तुमच्या डोळ्यांदेखत निघू द्या. १५ सप्टेंबर २०१८ पासून डीडीवर तो काढणाऱ्याचं नाव छापावं लागतं, ते बघा. पडताळणीसाठी डीडीवर छापलेल्या नंबरला फोन करू नका, शाखेचा नंबर स्वतः शोधा.

अर्थात, शाखेपर्यंत जायचंच आहे तर त्याने तिथूनच आरटीजीएस का करू नये, असं विचारायला हरकत नाही.

कर्ज मधे असेल तर

• तुमच्या गाडीवर कर्ज बाकी असेल तर बँकेकडून कर्ज बंद करायच्या रकमेचं पत्र घ्या. घेणाऱ्याने तेवढी रक्कम थेट तुमच्या कर्जखात्यात भरावी, उरलेली तुमच्या बचत खात्यात. दोन्ही एकाच बैठकीत, शक्यतो शाखेतच. मग ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म.

• घेणारा कर्ज काढत असेल तर मंजुरीपत्रावर गाडी देऊ नका. मंजुरी म्हणजे रक्कम नव्हे. ऐनवेळी गाडीचं मूल्यांकन कमी येतं आणि कर्ज तेवढंच कमी होतं.

• 'तुमचे उरलेले हप्ते मी भरत जातो' हे कधीही मान्य करू नका. ओळखीतल्याकडून तर नाहीच. कर्जदार तुम्हीच राहता. तिसऱ्या महिन्यात हप्ता थकला की वसुलीचे फोन तुम्हाला येतात, सिबिल तुमचा पडतो, आणि गाडी कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

सह्या, ओटीपी, किल्ली

पैसे दिसले. आता घाई करायला हरकत नाही. उलट इथे रेंगाळणं महागात पडतं.

करा:

• हस्तांतराचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म पूर्ण भरून, घेणाऱ्याचं नाव-पत्ता घालून मगच सही करा. ताबा पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. पोलीस आणि कॅमेरे वेळ बघतात.

• विक्रीची सूचना १४ दिवसांत आरटीओला द्या. हे तुमचं काम आहे, घेणाऱ्याचं नव्हे. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. त्या गाडीचे हात बदलत गेले होते, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर आली.

• फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नव्या मालकाचा मुंबई-पुणे टोल तुम्ही भराल. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र मागा. तो बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही.

• पंधरा दिवसांनी परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून मालक बदलला का बघा.

टाळा:

• हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्मवर सही. एजंट म्हणेल सगळे अशाच करतात. करतात, आणि मग गाडी तीन हात फिरते आणि चलन तुमच्या मोबाईलवर येत राहतं.

• हस्तांतराच्या अर्जासाठी आलेला ओटीपी पूर्ण पैसे येण्याआधी सांगणं. सही खोटी असल्याचं भांडता येतं, ओटीपीचं नाही.

• 'नाव लागल्यावर उरलेले पन्नास हजार देतो'. घेणाऱ्याला नाव लागेल की नाही याची धास्ती असते, ती खोटी नाही, आणि थोडी रक्कम मागे ठेवायची चाल जुनी आहे. माझ्या मते सोडून द्यावी लागली तरी चुकचुकणार नाही एवढीच रक्कम मागे ठेवू द्या. त्याहून जास्त मागत असेल तर पूर्ण पैसे घ्या आणि नाव लावायला सहकार्य करण्याचं हमीपत्र लिहून द्या.

तरीही घोळ झाला तर

• पैसे गेले असतील तर आधी १९३० ला फोन, मग बँक, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. घरच्यांना सांगणं चौथं. पहिल्या तासाभरात पैसा पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

• गाडी गेली आणि पैसे आलेच नाहीत, तर पोलीस तक्रारीबरोबर त्याच दिवशी आरटीओला लेखी अर्ज द्या: या गाडीचं हस्तांतर करू नये. सोबत तक्रारीची प्रत जोडा.

• खातं गोठलं असेल तर बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाण्याचं नाव आणि अडवलेला नेमका आकडा लेखी मागा. विक्री करार, ताबा पावती आणि आरसीची प्रत तपास अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा, आणि फक्त वादातली रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करावं असा अर्ज त्यातच करा. गाडीची रक्कम पगाराच्या खात्यात आली असेल तर घराचा हप्ता दुसऱ्या खात्यातून भरायची सोय त्याच दिवशी करून ठेवा.